इतिहासाने मागे ठेवलेल्या माणसावर पटकथा कशी लिहावी?

युरोप-अमेरिकेतल्या ऐतिहासिक चित्रपटांत आणि मालिकांत तेच राजे, तेच सेनापती, तेच दर्यावर्दी पुन्हा पुन्हा येतात. त्याच काळात, त्याच बंदरांत आणि त्याच जहाजांवर आफ्रिकी, आशियाई, मूळ अमेरिकी माणसंही होती. पडद्यावर मात्र त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा दार उघडण्याचं किंवा मरण्याचं काम आलं. मला हे मनापासून खटकतं. पण निर्मात्याला खटकून घ्यायला वेळ नसतो, त्याला पटकथा लागते. ती लिहायला बसणाऱ्यासाठी हा लेख आहे.

माणूस निवडा, पण त्याच्या निर्णयांवरून

‘अमुक करणारी पहिली व्यक्ती’ ही ओळ पुतळ्याखाली शोभते, तिच्यातून नाट्य निघत नाही. त्या माणसाने काय सोसलं याच्या आधी त्याने काय ठरवलं ते शोधा. बेसी कोलमन ही वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री, इतकी माहिती सगळीकडे मिळते. कथा त्याच्या मागे आहे. अमेरिकेतल्या विमानविद्येच्या शाळांनी तिला प्रवेश नाकारला, तेव्हा ती फ्रेंच शिकली, १९२० मध्ये फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी परवाना घेऊन मोकळी झाली. पुढे तिला एका चित्रपटात काम मिळालं. पहिल्याच दृश्यात फाटक्या कपड्यांत, पाठीवर बोचकं घेऊन यायचं आहे असं कळल्यावर ती ते काम सोडून निघून गेली. पडद्यावर आपल्या लोकांना कसं दाखवलं जावं यासाठी तिने हातातली संधी सोडली. अशा माणसावर चित्रपट लिहिताना आपली जबाबदारी किती वाढते, ते वेगळं सांगायला नको.

निवडीसाठी एक साधी चाचणी घ्या. कागदावर त्या व्यक्तीने स्वतः घेतलेले, नोंद असलेले पाच निर्णय लिहा. पाच मिळाले नाहीत तर कदाचित ती व्यक्ती थोर असेल, पण नायक म्हणून अजून तुमच्या हाती आलेली नाही.

कागद वाचा, आणि शत्रूचे कागद आधी वाचा

काहींनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पाटण्यात जन्मलेल्या दीन मोहंमदचं प्रवासवर्णन १७९४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात छापलं गेलं. गुलामगिरीतून सुटलेल्या ओलाउदा इक्वियानोचं आत्मचरित्र १७८९ मध्ये लंडनमध्ये निघालं. त्यात त्याने आपला जन्म आफ्रिकेत झाल्याचं लिहिलं आहे, तर वेस्टमिन्स्टरच्या चर्चमधली त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद कॅरोलायना सांगते. अभ्यासक यावर आजही वाद घालतात. अशी विसंगती दिसली की घाबरू नका आणि ती दडपूही नका. माणूस आपल्याबद्दल एक सांगतो आणि नोंदवही दुसरं सांगते, यात लेखकाला काम करायला भरपूर जागा आहे.

बहुतेकांच्या बाबतीत मात्र लेखणी विरोधकाच्या हातात होती. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. जहांगीरच्या आठवणींत त्याचं नाव येतं ते बहुधा शिवीसोबत. दरबारी चित्रकार अबुल हसनने तर अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडणारा जहांगीर रंगवला. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही, १६२६ मध्ये म्हातारपणी वारला. बादशहाला आपला विजय चित्रात रंगवून घ्यावा लागतो, याहून मोठी कबुली कुठली? आणि त्याच दरबारातला इतिहासकार मुतमिद खान अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ करतो. पुरावा असा उलटा धरून वाचायला शिका.

सगळं आयुष्य घेऊ नका

इथे सर्वांत जास्त पटकथा बुडतात. विस्मृतीत गेलेल्या माणसाला न्याय द्यायचा या भावनेने लेखक जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं कोंबतो, आणि दोन तासांत चाळीस वर्षं धावत सुटतात. न्याय एका रात्रीतही देता येतो.

रॉबर्ट स्मॉल्सचं उदाहरण घ्या. साउथ कॅरोलायनात १८३९ मध्ये गुलामीत जन्म. नंतर चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ या बोटीवर सुकाणू सांभाळण्याचं काम. बायको हॅना आणि मुलं दुसऱ्या मालकाची. त्यांना विकत घेऊन सोडवायचं तर ८०० डॉलर हवेत, आणि त्याच्याजवळ साठलेले १००. अमेरिकेत गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिण आणि उत्तर यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं, आणि ‘प्लँटर’ दक्षिणेच्या सैन्याची. १३ मे १८६२ च्या पहाटे बोटीवरचे गोरे अधिकारी नियम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले होते. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, बोट सोडली, वाटेत कुटुंबाला चढवून घेतलं आणि एकेका किल्ल्यासमोरून ठरलेली खूण देत, कप्तानासारखा उभा राहून बोट पुढे नेली. फोर्ट सम्टरच्या तोफांचा पल्ला संपल्यावर पांढरी चादर वर चढली. समोरचं उत्तरेचं जहाज गोळी डागायच्या बेतात असताना ती दिसली. त्या वेळी तो फक्त तेवीस वर्षांचा होता.

आता दृश्यं पाडा. ८०० डॉलरचा हिशेब पहिल्या दहा मिनिटांत आला पाहिजे, नाहीतर रात्रीचा धोका नुसतं साहस ठरेल. टोपी आधी एकदा कप्तानाच्या डोक्यावर नीट दाखवा. टोपी घालून उभं राहण्याची नक्कल साथीदारांसमोर करून बघण्याचा प्रसंग हवा असेल तर घाला, पण तो तुमचा आहे हे लक्षात ठेवा. किल्ले जवळ येतील तसे संवाद कमी करा. सम्टरसमोर एकही वाक्य नको. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला आणि ज्या घराच्या आवारात तो जन्मला ते आपल्या जुन्या मालकाचं घर त्याने विकत घेतलं. त्यासाठी दुसरा चित्रपट लिहा.

मालिकेला अर्थातच जास्त काळ चालतो. दीन मोहंमदने १८१० मध्ये लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडलं, १८१२ मध्ये दिवाळं निघालं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयरिश बायको जेन, महाग जागा आणि हिंदुस्तानी चवीला सरावलेली मोजकीच गिऱ्हाइकं. सहा भागांना तेवढी दोन वर्षं पुरतात. पुढे ब्रायटनमधल्या त्याच्या स्नानगृहात राजेसुद्धा येऊ लागले, तो दुसरा सीझन.

डोळे कुणाचे?

कृष्णवर्णीय अमेरिकन मॅथ्यू हेन्सन १९०९ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत गोऱ्या रॉबर्ट पिअरीसोबत होता. तिथल्या मूळ रहिवाशांची, इनुइटांची, भाषा तो बोलायचा, कुत्र्यांच्या गाड्या बांधायचा आणि हाकायचा. त्या शेवटच्या टप्प्यात ऊटाह, एगिंगवा, सीग्लू आणि ऊक्वेआ हे चार इनुइटही होते. नाव झालं पिअरीचं. पटकथा लिहिताना प्रत्येक दृश्यातून गोरं पात्र काढून बघा. दृश्य कोसळत असेल तर ते हेन्सनचं नाही. आणि ती चाचणी हेन्सनवरही लावा, नाहीतर त्या चौघांचं तेच होईल.

गाळलेल्या जागा

मसुद्यात तीन रंग वापरा: नोंद असलेलं, संभाव्य आणि पूर्ण कल्पित. कथा ज्या बिंदूवर वळते तिथे कल्पित रंग दिसला तर थांबा, तो भाग बदला. रोजचं बोलणं, जेवण, भांडणं यांत मोकळीक घ्या.

नायकाला धुऊन-पुसून स्वच्छही करू नका. पुढे राणी झालेली अंगोलाची न्झिंगा १६२२ मध्ये लुआंडाला वाटाघाटींसाठी गेली. पोर्तुगीज गव्हर्नरने तिला बसायला खुर्ची ठेवली नाही, तेव्हा ती आपल्या सेवकाच्या पाठीवर बसली, असा प्रसंग सांगितला जातो. त्यावर टाळ्या पडणारच. पण कॅमेरा त्या सेवकाकडेही वळवा, आणि तिने युद्धकैदी गुलाम म्हणून विकले हेही येऊ द्या. प्रेक्षक तिच्यावर त्यानंतरही खिळून राहील.

हक्कांचं थोडक्यात: इतिहासातली घटना कुणाच्या मालकीची नसते, पण एखाद्या चरित्रकाराची मांडणी आणि शब्द असतात. त्याच्या पुस्तकावर भिस्त असेल तर हक्क आधी विकत घ्या. वंशज असतील तर त्यांना भेटा, कायदा सांगत नसला तरी.

निर्मात्यासमोर

दोन वाक्यं पुरेत. ‘बायको-मुलांना विकत घेण्याइतके पैसे कधीच जमणार नाहीत हे कळलेला गुलाम सुकाणूवाला शत्रूची बोटच पळवायचं ठरवतो. त्यासाठी पहाटेपर्यंत त्याला कप्तान व्हावं लागतं.’ त्यात ‘उपेक्षित’, ‘प्रेरणादायी’ हे शब्द नाहीत, तसे तुमच्याही मांडणीत नकोत. सोबत एक पान कथा आणि अस्सल नोंदींची दोन-तीन छायाचित्रं द्या.

प्रसिद्ध गोऱ्या नटासाठी कोणती भूमिका आहे, हे विचारलं जाईल. उत्तर तयार ठेवा: ‘प्लँटर’चा कप्तान रेलिया. भूमिका कसदार लिहा, त्याला दरारा द्या, टोपी द्या. पण त्या संध्याकाळी तो किनाऱ्यावर उतरून घरी जातो, आणि तिथून पुढे बोट स्मॉल्सची. ती भूमिका वाढवून मागितली तर नकार द्या.