टी-पेशीतील कॅल्शियमचा संकेत सूक्ष्मदर्शकाखाली कसा टिपावा

टी-पेशीला, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीला, परके प्रथिन ओळखू आले की थोड्याच वेळात तिच्यातील कॅल्शियम वाढते, आणि हा संकेत जिवंत पेशीत प्रकाशाच्या साहाय्याने पाहता येतो. सरावाला प्रयोगशाळेत वाढवलेल्या जुर्काट या टी-पेशी सोयीच्या असल्या, तरी त्या ल्युकेमियातून (रक्ताच्या कर्करोगातून) आलेल्या आहेत आणि त्यांच्यात पेशीतील संकेतांना आवर घालणारे पीटेन हे प्रथिन नसते. त्यामुळे त्यांच्यावरील निष्कर्ष निरोगी टी-पेशींना जसेच्या तसे लावू नयेत.

रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५ मध्ये मांडलेले फ्युरा-२ हे कॅल्शियमला चिकटल्यावर चमक बदलणारे रंजकद्रव्य ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने आळीपाळीने उद्दीपित करून ५१० नॅनोमीटरच्या आसपासची चमक मोजतात. दोहोंचे गुणोत्तर घेतल्याने एका पेशीत रंजक जास्त आणि दुसरीत कमी, ही अडचण बरीचशी मिटते. मात्र साध्या काचेच्या भिंगातून ३४०चा प्रकाश नीट जात नाही. तो जाऊ देणारे भिंग नसेल तर एकाच प्रकाशाने उद्दीपित होणारे फ्लुओ-४ हे रंजक वापरावे आणि गुणोत्तराचा लाभ सोडून द्यावा.

पॉली-एल-लायसिन लावलेल्या कव्हरस्लिपवर पेशी बसवून रंजकाचे पेशीत शिरू शकणारे एएम (असिटॉक्सिमिथाइल एस्टर) रूप अंधारात अर्धा तास द्यावे. कृतीत ‘खोलीचे तापमान’ लिहिलेले असते ते २० ते २५ अंश. कोल्हापुरात मे महिन्याच्या दुपारी एसी बंद असेल तर ते खरे नव्हे, आणि उष्णतेत रंजक पेशीच्या अंगकांत शिरून बसते. मग पेशी धुऊन आणखी अर्धा तास थांबावे. तेवढ्या वेळात पेशीतील एस्टरेज विकरे एएमचे गट कापतात. न कापलेले रंजक चमकते, पण कॅल्शियमला दाद देत नाही. एकदा मी ही वाट पाहिली नाही, गुणोत्तर हलेना, आणि दोन दिवस बिचाऱ्या प्रतिपिंडाला दोष देत बसलो.

आधी दोन मिनिटे शांत अवस्था नोंदवावी, मग टी-पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-३ या प्रथिनाविरोधी प्रतिपिंड सोडावे. पहिली उसळी अंतर्द्रव्यजालिकेतील साठ्याची. तो रिता झाल्याचे जालिकेतील स्टिम-१ या प्रथिनाला कळते, पेशीपटलातील ऑराय-१ वाहिन्या उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत येते. हे दोन टप्पे वेगळे पाहायचे तर प्रयोग कॅल्शियमविरहित बफरमध्ये सुरू करून नंतर २ मिलिमोलार कॅल्शियम घालावे. शेवटी कॅल्शियमला थेट पेशीत शिरू देणारे आयनोमायसिन द्यावे आणि त्यालाही न हलणाऱ्या पेशी मोजणीतून वगळाव्यात.

सरासरीचा एकच आलेख काढण्याचा मोह टाळावा: शेजारच्या दोन पेशींपैकी एक लगेच उजळते, दुसरी मिनिटभराने जागी होऊन लुकलुकत राहते, आणि सरासरीत हे लुकलुकणे पुसले जाते.