डेटा सेंटरमध्ये काम पाहिजे? मग गेटवर बायोडेटा देत बसू नका

ऐरोली, रबाळे, महापे, दिघा, नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर रोडच्या या पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे डेटा सेंटर (कंपन्यांचा डेटा ठेवणारे सर्व्हर, म्हणजे मोठे कॉम्प्युटर, ठेवायची बिल्डिंग) उभं राहतंय, आणि नवीन बोर्ड लागला की नाक्यावर एकच चर्चा, आपल्या पोरांना लावतील का. लावतात, पण रस्ता वेगळा आहे, तोच सांगतो.

आधी हे डोक्यातून काढा की एवढी मोठी बिल्डिंग म्हणजे आत हजार माणसं. बांधकाम चालू असताना गर्दी दिसते ती नंतर दुसऱ्या साईटवर जाते, आणि सेंटर चालू झालं की आत मशीन जास्त, माणसं थोडी. जुन्या केमिकल कंपन्यांमध्ये जशी भरती व्हायची तशी इथे होणार नाही, कोणी नेता भाषणात हजारो नोकऱ्या बोलला तर त्यात बांधकामाचे किती आणि कायमचे किती ते विचारा. पण जी माणसं लागतात ती चोवीस तास शिफ्टमध्ये लागतात, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी कॉम्प्युटरवाली नसतातच, लाईटवाली आणि एसीवाली असतात. आतले सर्व्हर बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाचे, सेंटरवाला देतो ती जागा, वीज, थंडावा आणि सिक्युरिटी. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एचटी (हाय टेन्शन) पॅनल, यूपीएस (लाईट गेली की बॅटरीवर वीज देणारं मशीन), बॅटरी रूम, डीजी (डिझेल जनरेटर), चिलर (थंडाव्यासाठी पाणी गार करणारं मशीन), हे सांभाळणारा माणूस पाहिजे.

दहावी झालेला असेल तर आयटीआयला इलेक्ट्रिशियन, वायरमन नाहीतर रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड घ्या, तिन्ही दोन वर्षांचे. माझं मत विचाराल तर एसीचा घ्या, इलेक्ट्रिशियनला सगळेच पळतात आणि चिलर कळणारा पोरगा शोधून सापडत नाही. आयटीआय झाल्यावर घरी बसू नका, सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा, स्टायपेंड मिळतो आणि अनुभवाचा कागद हातात येतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनी वायरमन परवाना आणि पुढे सुपरवायझर परवाना काढायचाच, जाहिरातीत त्याला अजून पीडब्ल्यूडी लायसन लिहितात. डिप्लोमावाले शिफ्ट इंजिनियरला चालतात. बीएस्सी आयटी, बीसीए केलेल्यांनी सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) करावं, नाहीतर केबलिंग आणि फायबर स्प्लायसिंग (फायबर केबल जोडणं) शिकावं, ओटीडीआर (फायबरमधला दोष शोधायचं मशीन) हातात धरता आलं की काम मिळतं. श्नायडर इलेक्ट्रिकचे डेटा सेंटरवरचे ऑनलाईन कोर्स फुकट आहेत, इंग्रजीत आहेत पण सोपे आहेत, करून टाका.

आता मुख्य गोष्ट. बिल्डिंगवर ज्याचं नाव आहे तो फार थोडी माणसं स्वतःच्या पेरोलवर घेतो, बाकी सगळं फॅसिलिटी मॅनेजमेंटवाल्या (बिल्डिंग आणि मशीन सांभाळायचा ठेका घेणाऱ्या) व्हेंडरकडे असतं, आणि यूपीएस, डीजी, चिलर ज्या कंपनीचे तिच्या सर्व्हिस डीलरकडे. तर शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर उभे राहा, आयकार्डावर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघा, दादा तुमची भरती कोण बघतो म्हणून सरळ विचारा. लोक सांगतात. आणि वेळ साधायची ती टेस्टिंग-कमिशनिंगची (मशीन तपासून पहिल्यांदा चालू करतात तेव्हाची), कारण सेंटर लाईव्ह व्हायच्या काही महिने आधीच ऑपरेशनची टीम भरतात, तेव्हा आत शिरलेल्या माणसाला सगळी सिस्टीम पहिल्यापासून बघायला मिळते.

इंटरव्ह्यूला एक प्रश्न हमखास असतो, एमएसईबीची लाईट गेली तर काय होतं ते सांग. डीजी चालू होतो एवढंच बोलून गप्प बसलात तर संपलं. नीट सांगायचं की लाईट गेली तरी सर्व्हरला कळत पण नाही कारण यूपीएस बॅटरीवर लोड धरतो, तेवढ्यात काही सेकंदांत डीजी आपोआप उठतात, व्होल्टेज फ्रिक्वेन्सी जमली की लोड त्यांच्यावर जातो, चिलर परत स्टार्ट होतात, मग मेन सप्लाय आला की तो स्थिर आहे का ते बघून परत फिरवायचं. पुढचा प्रश्न येतो, डीजी उठलाच नाही तर? इथे हिरोगिरी नको, मी जाऊन ब्रेकर फिरवेन म्हणालात की नापास. शिफ्ट इनचार्जला लगेच कळवेन आणि लिहिलेल्या प्रोसिजरप्रमाणेच करेन, हे त्यांना ऐकायचं असतं. वर्क परमिट (काम सुरू करायची लेखी परवानगी) आणि लॉकआऊट-टॅगआऊट (काम चालू असताना सप्लाय बंद करून कुलूप आणि पाटी लावणं) काय असतं तेवढं वाचून जा.

कागद. डोमिसाईल काढून ठेवा, सरकारी सवलत घेणाऱ्या उद्योगांनी साधारण ८० टक्के आणि सुपरवायझर लेव्हलला ५० टक्के स्थानिक घ्यायचे असा राज्याचा जुना जीआर आहे, आणि त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मात्र सरकारी भरतीत चालतो, खासगी डेटा सेंटरच्या एचआरला त्याचं काही पडलेलं नसतं, वाईट वाटतं पण तसंच आहे.

लावतो म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून चालू पडा. ऑफर हातात आली की शिफ्ट आठ तासांची का बारा, ओव्हरटाईम कसा, यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) कधी देणार, पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) कापतात का, हे सगळं विचारून घ्या. सी शिफ्टला (रात्रपाळीला) ट्रान्स-हार्बरची शेवटची लोकल गेल्यावर काय, पिकअप आहे का, तेही विचारा, नाहीतर अर्धा पगार रिक्षात जातो.

गाडी, कॅन्टीन, हाऊसकीपिंगचा धंदा करणाऱ्यांनी जीएसटी, पीएफ कोड, ईएसआयसी कोड आधी तयार ठेवावेत, त्याशिवाय व्हेंडर फॉर्मच पुढे सरकत नाही. उद्यम नोंदणी फुकट होते ती करा, छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या वर अडवता येत नाही हे मग कागदावर दाखवता येतं.

आणि व्हेंडरचं कॉन्ट्रॅक्ट बदललं तर घाबरून साईट सोडू नका, नवीन व्हेंडरला तीच माणसं हवी असतात कारण पॅनल त्यांना पाठ असतात. फक्त जुन्याकडून रिलीव्हिंग लेटर घ्या आणि पीएफ त्याच यूएएनला जोडून घ्या.