उन्हाळ्यात महिंद्रा थार गाडीचं कापडी छत

चैत्र-वैशाखात छत उघडून फिरायचं, तर सकाळी नवाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी छत लावलेलंच बरं, पण काळं कापड लवकर तापतं आणि पत्र्याच्या छताइतका एसी टिकून राहत नाही. म्हणून निघताना आधी पाच मिनिटं बाजूच्या खिडक्यांच्या चेन उघडून आतली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा.

खरी जपायची गोष्ट म्हणजे प्लॅस्टिकच्या खिडक्या. उन्हात त्या मऊ पडतात. तशाच दुमडल्या तर घडी कायमची उमटते. गुंडाळताना मध्ये जुनं सुती धोतर किंवा मऊ चादर घाला. (आजोबांचं धोतर सर्वांत उत्तम, विचारून घ्या!) धूळ कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका, ओरखडे पडून खिडकी धुरकट दिसते. आधी भरपूर पाणी, मग साबणाचा हलका हात. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे इथे चालत नाही.

चेन अडकू लागली तर मेणबत्ती घासा. आणि वळवाच्या सरीत छत भिजलं, तर पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. बुरशीचा वास महिनाभर जात नाही.