रॅक उतरवायच्या आधी

रविवारी मित्राच्या माझ्दा एमएक्स-5 चा स्टीअरिंग रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा, बदलायचा ठरलाय. गाडी पहिल्या पिढीतली, दोन सीटची, पॉवर स्टीअरिंग नसलेली. फक्त ट्रॅकसाठी ठेवलेली, जाते-येते ती ट्रेलरवरून. मित्र म्हणतो, चार बोल्ट काढायचे आणि चार लावायचे, दुपारी मिसळ खाऊन मोकळे. काम खरंच तेवढंच आहे. अवघड भाग शनिवारपर्यंत उरकायचा आहे, म्हणून ही यादी.

आधी हिशेब. या गाडीच्या साध्या रॅकचं गुणोत्तर (स्टीअरिंग किती अंश फिरवलं की चाक एक अंश वळतं) 18:1, पॉवरवाल्याचं 15:1. आपल्याला 15:1 वाला बसवायचाय, पण पॉवरची मदत न जोडता. म्हणजे स्टीअरिंग पाव फेरा फिरवलं की आत्ता चाक साधारण 5 अंश वळतं, नंतर 6 वळेल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे जवळपास 3.4 वरून 2.8 वर येतील. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करूळ घाटासारखं वळण असेल तर हात न सोडता निघतं की मध्येच पकड बदलावी लागते, एवढा हा फरक. आणि तो फुकट मिळत नाही. पॉवरची मदत नसेल तर हाताला जोर साधारण 20 टक्के जास्त लागणार. मित्राला वर 370 ऐवजी 350 मिलिमीटरचं छोटं स्टीअरिंगही बसवायचंय, त्याचे आणखी 6 टक्के. मी म्हटलं, मर्दा, एका वेळी एकच. आधी रॅक, मग दोन दिवस चालव, दंड काय म्हणतात ते बघ.

रॅक घेताना फोटो बघून पैसे पाठवायचे नाहीत. अमेरिकेतून येणारा रॅक डाव्या बाजूच्या स्टीअरिंगचा असतो, आपल्याला जपानचा किंवा इंग्लंडचा हवा. पिनियनचा (स्टीअरिंगकडून येऊन रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा) दांडा कुठल्या बाजूला आणि किती तिरका आहे, त्यावरच्या स्प्लाइन (उभ्या खाचा) किती, टाय रॉडचे (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या सळईचे) आटे कुठले, पकडीच्या बोल्टमधलं अंतर किती, हे सगळं जुन्याशी ताडून बघायचं. जुना पॉवरवाला रॅक घेऊन त्याचं तेल काढून वापरायचा असेल तर नुसत्या नळ्या एकमेकींना जोडून भागत नाही. आतल्या पिस्टनचं सील काढलं नाही तर ते उगाच घासत राहतं. शिवाय पिनियनच्या आत पीळ घेणारी बारीक सळई असते, व्हॉल्व्ह उघडायला ठेवलेली. पॉवर काढल्यावर तिचं काम संपतं, पण स्टीअरिंगला थोडा ढिला खेळ देत राहते. काहीजण तो भाग वेल्डिंगने जखडतात. हे काम उद्यमनगरात लेथवर बसलेल्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं, कारण वेल्डिंगची उष्णता जास्त झाली तर शेजारचं सील आणि बेअरिंग जातं.

आता मोजमाप. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार. दोन्ही रॅक शेजारी-शेजारी बाकावर ठेवायचे, बूट (टोकांवरची रबरी आवरणं) मागे सरकवायचे, दांड्याच्या कडेला स्टीलची पट्टी लावायची आणि पिनियन एका टोकाला नेऊन दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा. फेरे मोजायचे, दांडा किती सरकला ते लिहायचं. समजा 140 मिलिमीटर सरकला, तर जुन्यात फेऱ्याला सुमारे 41 आणि नव्यात 50 येतील. एकूण सरकणं सारखं आलं तर उत्तम. कमी आलं तर गाडी वळायला जास्त जागा मागेल. जास्त आलं तर टोकाला टायर घासेल किंवा ब्रेकचा होज ताणला जाईल. मग नवीन रॅकचा बरोबर मध्य शोधून पिनियनवर आणि रॅकच्या बाहेरच्या कवचावर पांढऱ्या रंगाची रेघ मारायची. ही रेघ नसली की स्टीअरिंग सरळ आणि चाकं तिरकी, असं प्रदर्शन होतं.

दुसरं माप रॅकच्या उंचीचं. रॅक आणि टाय रॉड जोडणारे आतले दोन सांधे जिथे होते तिथून पाच-सहा मिलिमीटर जरी वर-खाली झाले तरी चाक उसळल्यावर आपोआप आत-बाहेर वळायला लागतं, आणि खड्ड्यात गाडी हातातून निसटल्यासारखी वाटते. ही तपासणी स्वस्तात होते. गाडी स्टँडवर घ्यायची, स्प्रिंग काढायची, हबवर (चाक जिथे बसतं त्या भागावर) सपाट अॅल्युमिनियमची फळी घट्ट लावायची. फळीच्या पुढे-मागे जमिनीवर दोन डायल गेज (बारीक हालचाल मोजणारी काट्याची घड्याळं) ठेवायचे आणि जॅकने हब दहा-दहा मिलिमीटरने उचलत दोन्ही आकड्यांतला फरक वहीत लिहायचा. जुन्या रॅकवर एकदा, नव्यावर एकदा. आलेख सारखाच निघाला तर रॅकचे बोल्ट घट्ट करा, नाहीतर खाली शिम (पातळ पत्र्याची चकती) टाका.

उतरवण्याआधी टाय रॉडच्या टोकावर किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवावं, म्हणजे अलाइनमेंट होईपर्यंत चाकं साधारण सरळ राहतात. टोकाचा सांधा हातोड्याने ठोकून नाही, पुलरने काढायचा. आणि स्टीअरिंग आधीच सरळ करून दोरीने सीटला बांधून टाकायचं. मागे दुसऱ्या एका गाडीत मी हे विसरलो होतो. कॉलम (स्टीअरिंगचा दांडा) रॅकपासून सुटल्यावर स्टीअरिंग दोन-तीनदा गरगरलं, एअरबॅगची वायर गुंडाळणारी चकती आतच तुटली. रॅक नीट बसला, पण हॉर्न मुका आणि डॅशबोर्डवर दिवा. या मित्राच्या गाडीत एअरबॅग नाही, तरी सवय म्हणून बांधतोच.

सामानात टॉर्क पाना, नव्या कॉटर पिना, नवे बूट आणि क्लॅम्प, लिथियम ग्रीस. रॅकचे रबर बुश दबले असतील तर आत्ताच बदलायचे, परत कोण खाली झोपणार? पॉलियुरेथेनचे मिळाले तर अजून बरं, रबराची लचक कमी होते.

ज्यांची गाडी रस्त्यावर फिरते त्यांना एक वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबद्दल आहे. ते वाचून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

शनिवारी संध्याकाळी मी वही, पट्टी आणि रंगाची डबी घेऊन मित्राकडे जाणार. त्याने जुना रॅक आधीच उतरवून ठेवला असेल तर जुनी मापं गेली, मिसळीचं बिल त्याच्या खात्यावर.