आईला आणि नातीला घेऊन नाशिकच्या बागांमध्ये जायचं असेल तर

"बसायला आहे का तिथं?" कुठंही जायचं म्हटलं की आईचा पहिला प्रश्न हाच. ती ८२ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले, हातात चार पायांची काठी. नात ओवी सहा वर्षांची, तिचा प्रश्न वेगळा: "झोका आहे का?" मुलगा आणि सून दोघंही अंबडला कंपनीत जातात, त्यामुळे रविवारी सकाळी त्यांना झोपू द्यायचं आणि या दोघींना हिरवळीवर न्यायचं, ही ड्युटी माझी. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. राहायला सिडकोत. या चार वर्षांत जे चुकत चुकत शिकलो, ते सांगतो.

आधी बाक. बाग मोठी की लहान, कारंजं आहे की नाही, हे नंतर. म्हाताऱ्या माणसाला नुसतं बसता येऊन भागत नाही, उठता आलं पाहिजे. सिमेंटचे बिनपाठीचे ठोकळे असतात ना, त्यावर आई बसते, पण उठताना दोन माणसं लागतात. बाकाला पाठ हवी आणि बाजूला हात टेकायला काहीतरी हवं. तसा बाक सापडला की तो कुठल्या गेटपासून किती पावलांवर आहे हे लक्षात ठेवायचं. मी एसटीच्या जुन्या सीटचा फोम चौकोनी कापून घेतलाय, वर रेक्झिन शिवलंय. सकाळी सिमेंट गार असतं आणि दवानं ओलंही. तो चौकोन पिशवीत असला की आई अर्धा तास जास्त बसते.

दुसरी गोष्ट वेळ. महापालिकेच्या बऱ्याच बागांना दुपारी कुलूप असतं. सकाळी चालणाऱ्यांसाठी उघडतात आणि मग थेट चारच्या सुमारास. पाहुण्यांना जेवण झाल्यावर बाग आठवते आणि मग सगळे गेटच्या गजांना धरून उभे. सकाळी सात ते नऊ उत्तम, उन्हाळ्यात साडेसहा. रविवारी संध्याकाळी जाऊच नका. झोक्याला रांग, भेळवाल्याला रांग, आणि गाडी लावायला जागा नाही.

तिसरी गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो: संडास. एका बागेत (नाव घेत नाही, पण नवी रंगवलेली होती) आईला घाई झाली. संडासाला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. मी चहाच्या तीन टपऱ्या पालथ्या घातल्या. सापडला तेव्हा म्हणतो, "काका, लोक घाण करतात म्हणून बंद ठेवतो." आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढचे दोन रविवार "माझं डोकं दुखतंय" म्हणून घरीच बसली. तेव्हापासून आत शिरल्या शिरल्या मी आधी तिकडे जाऊन दार ढकलून बघतो. बंद असेल तर तिथंच किल्ली मागायची, गरज पडायच्या आधी.

आता झोका. इथं मला जरा जास्त बोलायचंय, कारण जन्म लोखंडात गेला. झोका बघताना लोक बसायची पाटी बघतात. पाटी तुटली तरी मूल फार तर बुडावर आपटतं. बघायची ती वरची कडी, जिथं साखळी आडव्या पाइपला अडकते. लोखंड लोखंडावर घासतं, तेल कुणी घालत नाही, आणि कडी आतून खात जाते. खालून ती गोल दिसते. बाजूनं, उजेडाकडे तोंड करून बघितली तर कळतं की निम्मी उरलीय. गंगापूर रोडच्या बाजूच्या एका छोट्या कॉलनीतल्या बागेत अशी कडी बघितली. झिजून पार सुरीच्या पात्यासारखी झाली होती. वर बारा-तेरा वर्षांचा पोरगा उभा राहून झोका घेत होता. त्याला उतरवलं, दोन्ही साखळ्या पाइपवरून चार वेळा गुंडाळून पाटी वर टांगून ठेवली, म्हणजे कुणाचा हात पोचणार नाही. लोक माझ्याकडे असे बघत होते जणू मी पोरांचा खेळ चोरतोय. तेव्हा तीन गोष्टी: वरची कडी बाजूनं बघा, साखळी हातानं ओढून कर्रर्र आवाज कुठून येतो ते ऐका, आणि घसरगुंडी पत्र्याची असेल तर आधी स्वतःचा तळहात टेकवा. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलाही तो पत्रा तव्यासारखा असतो.

रिक्षानं जाणार असाल तर नावांची एक गंमत ध्यानात ठेवा. "हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान" म्हणालात तर रिक्षावाला दोनदा विचारेल. "गोल्फ क्लब" म्हणा, लगेच निघेल. चालायला ट्रॅक, कडेनं झाडं, सगळ्या वयाची माणसं. ओवीला मात्र मी खरं नाव आणि त्यामागची गोष्ट सांगितलीय: २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तसंच अहिल्याबाई होळकर पुलाला अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. या गावाला नावं बदलायची सवयच आहे. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे बागांचं गाव. रिक्षाचं भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. मीटर आमच्याकडे दिसतो, चालताना क्वचितच. सिटीलिंकची, म्हणजे शहरातली, बस मिळाली तर आई खूश असते. मी जुना एसटीवाला, इंजिनाच्या आवाजावर मान हलवत बसतो.

ऋतू बघून जागा निवडा. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, पावसाळ्यात कदंबाचे पिवळे चेंडू. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सप्तपर्णी फुलते. तिचा वास संध्याकाळी इतका जड होतो की आईचं डोकं खरोखर चढतं, म्हणून त्या महिन्यात तिच्याखालचा बाक सोडून देतो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला आणि महाजन उद्यानाला वर्षभर जाता येतं, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही.

नदीकाठच्या जागांना मात्र नियम आहे. गोदा पार्क असो, सोमेश्वरचा धबधबा असो, पावसाळ्यात आधी रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीची खबर घ्या. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पायाशी असेल तर लांबून बघून या. कमरेच्या वर गेलं असेल तर घरी भजी तळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं आम्ही बघितलंय. सोमेश्वरला पाणी कमी असलं तरी खडकांवर शेवाळ असतं. फोटोसाठी खडकावर उतरू नका. आईला मी वर देवळाजवळ बसवतो, हातात भाजलेलं कणीस देतो, आणि ओवीचा हात एक क्षण सोडत नाही. आणखी एक: नदीकाठ आणि मळे लागून आहेत तिथं अंधार पडायच्या आत निघा. नाशिकला बिबट्या ही वर्तमानपत्रातली बातमी नसते, शेजारची असते.

माझी स्वतःची आवडती जागा पांडवलेणी. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध आहेत, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. आमच्याकडून पाथर्डी फाट्यानं दहा-पंधरा मिनिटं. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे. पायऱ्या दोनशेच्या आसपास, त्या आईला जमत नाहीत. तिला विहाराच्या शांत दालनात बसवायचं, ती तिथं डोळे मिटून तिचा विठ्ठल आठवते, कुणी काही म्हणत नाही. आपण ओवीला घेऊन वर. सकाळी लवकर चढा, पाणी जवळ ठेवा, खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं येतात. अत्तर लावून जाऊ नका, आणि वर काडी ओढणं तर सोडाच. कड्याला आग्यामोहोळ असलं तर अख्खा डोंगर तुमच्या मागे लागेल.

लेणी २४ आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका, पोरं कंटाळतात. दहा नंबरचं बघा. व्हरांड्यात उभं राहून मागच्या भिंतीवर छताच्या खाली नजर टाका, ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी दिसतील. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं केलेल्या दानांची ती यादी आहे, जवळपास १९०० वर्षांपूर्वीची. त्यात इतर गावांबरोबर गोवर्धनचं नाव येतं, आपलं गंगापूर रोडचं गोवर्धन. तिथं त्यानं धर्मशाळा, तळी, विहिरी आणि "आराम" केले असं लिहिलंय. आराम म्हणजे बाग. मला हे लेणी दाखवणाऱ्या एका मास्तरांनी बोटानं ओळ दाखवत सांगितलं तेव्हा हसूच आलं. आम्ही आयुष्यभर निमआराम गाड्यांचे गिअरबॉक्स उघडले, आणि हा गृहस्थ पूर्ण आराम देऊन मोकळा झाला होता. त्याच यादीत नारळाची ३२,००० झाडं दान दिल्याचंही आहे. खाली येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि पाणी कोण घालायचं?"

पायथ्याशीच नेहरू वनोद्यान आहे. सपाट पायवाटा, भरपूर झाडं. आईला काठी टेकत थोडं चालवायचं असेल तर ते बरं.

पंचवटीत जे पाच वड आहेत, ते बाग म्हणून बघायला गेलात तर हिरमोड होईल. सीता गुंफेजवळ गर्दीत, दुकानांच्या आणि फलकांच्या मध्ये उभे आहेत. झाडांवर नंबर टाकलेत. ओवीला तेवढंच काम देतो: एक ते पाच शोधून दाखव. वीस मिनिटं जातात आणि आईचं काळारामाचं दर्शन होतं. तिथून तपोवन जवळ. कपिला आणि गोदावरीचा संगम, मोठी झाडं, सावली. सिंहस्थाची कामं चालू असली की त्या बाजूचे रस्ते आज उघडे, उद्या बंद, तेव्हा निघण्याआधी कुणाला तरी फोन करून विचारा.

अख्खा दिवस हातात असेल आणि गाडी असेल तर थंडीत नांदूर मधमेश्वर. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथल्या बंधाऱ्याचं पाणथळ, पक्षी बघायची जागा. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावच्या बाजूनं आत शिरा. गाइड करायला कंजुषी करू नका. तिथले पोरगे लांबचा ठिपका बघून नाव सांगतात, आपल्याला तो दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पहाटे निघणार असाल तर दोन स्वेटर घ्या. निफाडची थंडी काय असते ते द्राक्षवाल्यांना विचारा, पारा पाच-सहावर आला की ते बागेत शेकोट्या पेटवून जागतात. मनोऱ्यावर चढायची आईला गरज पडत नाही. खाली पाण्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकायची आणि फोमचा चौकोन.

मागच्या जानेवारीत तिला तसं बसवलं. ओवी गाइडबरोबर चमचे आणि शेकाटे हे पक्षी मोजत होती. समोर पाण्यात काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा पोहत होता, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. गाइड म्हणाला, "आजी, याला वारकरी म्हणतात." आईनं दुर्बीण लावली नाही, नुसते हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "यांना बरं, बसायला काही लागत नाही."