वडील गेलेल्या घराला पैशाची मदत करताना या चुका टाळा

आमच्या कार्यालयात कुणाच्या घरी असं काही घडलं की वर्गणीची वही माझ्या टेबलावर येते. का येते ते मलाही नीट आठवत नाही. बहुधा एकदा कधीतरी हिशेब नीट दिला आणि ते काम गळ्यात पडलं ते पडलंच. वडील गेलेले, दवाखान्याचं बिल अर्धं थकलेलं, अंत्यविधीला कुणाकडून तरी हातउसने घेतलेले, मुलाला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेलं. घरं वेगळी, पण चुका दरवेळी त्याच. आणि त्या घरच्यांपेक्षा मदतीला धावलेली मंडळीच जास्त करतात.

सगळ्यात महागात पडलेली चूक मी पाहिली ती एका फॉर्मवरची.

दवाखान्यात मृत्यू झाला की नोंदणीची माहिती दवाखाना कळवतो, पण त्याआधी नातेवाइकांकडून एक फॉर्म भरून घेतात. पहाटे तीन वाजता तो कोण भरतं? ज्याच्या खिशात पेन असतं तो. आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी पुतण्याने भरला. काकांना सगळे अण्णा म्हणायचे, म्हणून त्याने ‘अण्णासाहेब’ लिहिलं. आधारवर, पासबुकावर, विम्याच्या कागदावर मात्र पाळण्यातलं नाव. काकूंचं नावही माहेरचं पडलं. दाखला हातात आला तेव्हा कुणी तो वाचलासुद्धा नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवून दिला. बँकेने परत पाठवला तेव्हा कळलं. मग विमा कंपनीने परत पाठवला, मग भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाने. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र झालं, दवाखान्याचं पत्र हवं झालं, दवाखान्यात मूळ फॉर्म सापडेना म्हणून फेऱ्या झाल्या. पाच महिने गेले. ते पाच महिने आम्ही वर्गणीतून त्यांचं घरभाडं भरत होतो आणि त्यांच्या हक्काचे पैसे एका चुकीच्या नावापायी अडकून पडले होते.

तेव्हापासून माझी सवय अशी, की बातमी कळली की पहिल्यांदा आधार कार्डाचा फोटो मागवायचा. फॉर्म भरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून नाव एकेक अक्षर जुळवून घ्यायचं, गेलेल्या माणसाचं आणि पत्नीचंही. लोकांना हे कोरडं वाटतं. वाटू दे. मृत्यू घरी झाला असेल तर नोंद घरच्यांनीच करायची असते आणि तिला मुदत २१ दिवसांची. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवस उलटले की वरची लेखी परवानगी, वर्ष गेलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. ‘दिवस होऊ द्या, मग बघू’ म्हणणाऱ्या थोरामोठ्यांना मी हे तोंडावर सांगतो. आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. एकच प्रत घेऊन पाच कार्यालयं फिरणाऱ्यांचं मला नेहमीच आश्चर्य वाटत आलंय.

बिल राहिलंय म्हणून पार्थिव अडवलं जाईल या भीतीने रात्रीत व्याजाने पैसे उचलू नका. पैशासाठी पार्थिव अडवता येत नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आली, तिच्यात हे आहे. मात्र तिथे आरडाओरडा करून उपयोग नाही. प्रशासनाच्या माणसाला गाठायचं, बाबवार बिल मागायचं, उरलेली रक्कम कशी फेडणार ते लिहून द्यायचं. आरडाओरडा करणारा भाचा प्रत्येक घरात एक असतोच. त्याला रुग्णवाहिका ठरवायला पाठवा.

बिल कमी करायचे मार्गही माणूस दाखल असतानाच शोधायचे असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही विनारोख योजना आहे. तिच्यातल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, त्याला पहिल्या दिवशी भेटा. आधी रोख भरून नंतर ‘योजनेतून परत मिळतील ना?’ विचारणारे दर वर्षी भेटतात. मिळत नाहीत. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे जायचं ते बिल चुकतं करण्याच्या आधी. बिल भरून झाल्यावर कुणी दार उघडत नाही.

आता माझी स्वतःची चूक. ती सांगितल्याशिवाय बाकीच्यांना बोलायचा मला अधिकार नाही.

सुरुवातीच्या काळात एका मित्राचे वडील गेले आणि मी उत्साहात ग्रुपवर माझाच नंबर टाकला. ‘जमेल तेवढं पाठवा.’ चार दिवसांत १,८४,००० रुपये आले. माझ्या पगाराच्या खात्यात. त्यातच माझा गृहकर्जाचा हप्ता कापला गेला, त्यातच किराणा झाला. कुणी मुलाच्या फोनवरून पैसे टाकलेले, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव तिसरंच. दवाखान्याला दिले, रुग्णवाहिकेला दिले, आणि ५०,००० रोख काढून मित्राच्या काकांच्या हातात ठेवले, का तर ते धावपळ करत होते. दोन महिन्यांनी मित्राची आई भेटली. अगदी सहज म्हणाली, “भाऊ, लोकांनी एकूण किती दिले हो? मला एकेकाला फोन करून बोलायचं होतं.” माझ्याकडे यादी नव्हती. आणि त्या ५०,००० बद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. काकांनी खाल्ले असं मी म्हणत नाही. त्यांनीही स्वतःच्या खिशातून बराच खर्च केला होता. पण सांगता येत नव्हतं, ना त्यांना, ना मला. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, हे जास्त लागलं.

आता पैसे माझ्या खात्यात नाहीत म्हणजे नाहीत. आईचं खातं नसेल तर आधी ते उघडायचं, एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. निरोपात रक्कम लिहायची, कशासाठी ते लिहायचं आणि शेवटची तारीख लिहायची. ‘जमेल तेवढं’ या शब्दांवर जेमतेमच येतं. दवाखान्याचं उरलेलं बिल थेट दवाखान्याच्या खात्यात भरायचं, पावती रुग्णाच्या नावाची घ्यायची. दर रविवारी वहीचा फोटो ग्रुपवर, आणि वहीवर माझ्याशिवाय आणखी एकाची सही. अंत्यविधीची पावती लहान असली तरी चिकटवायची. लाकडाची, वाहनाची, गुरुजींची, सगळी. घाईत असलेल्या नव्या मुलांना हे कारकुनी वाटतं. त्यांनी एकदा त्या बाईंच्या समोर उभं राहून बघावं.

आयकराची एक गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, की ती सगळी मिळणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. प्रत्येक वेळी कर भरावाच लागतो असं नाही, पण मोठी वर्गणी असेल तर आधी हिशेबतपासनिसाला विचारा. आणि देणाऱ्यांनो, व्यक्तीला दिलेल्या पैशावर करसवलतीची पावती मिळत नसते. मागू नका.

वडिलांचं एटीएम कार्ड आणि पिन माहीत आहे म्हणून मशीनसमोर उभे राहू नका. मला माहीत आहे, सगळे हेच करतात. पण मृत्यूनंतरचा प्रत्येक व्यवहार तारखेसकट दिसतो, आणि बहीण-भावात पुढे फाटलं की तोच कागद आधी बाहेर येतो. खात्याला नॉमिनी नेमलेला असेल किंवा खातं संयुक्त असेल तर कागद पूर्ण दिल्यावर बँकेने १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नेमलेली व्यक्ती मालक होत नाही, इतर वारसांच्या वतीने ती पैसे घेते, हेही घरात आधीच बोलून टाका.

पासबुक भरून आणलं की मी पहिल्यांदा मे महिन्याच्या शेवटच्या पानांवर बोट फिरवतो. ४३६ रुपये गेलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. वयाच्या ५५ वर्षांपर्यंत कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. फक्त २० रुपये गेले असतील तर तो सुरक्षा विमा, त्यात पैसे मिळतात ते अपघाती मृत्यूचे. ही एक ओळ न पाहिल्याने दावाच न केलेली घरं मी पाहिली आहेत. सगळ्या बँकांची पासबुकं पाहा. कपाटावरच्या जुन्या पेटीतली सुद्धा.

वडील नोकरीत असताना गेले असतील आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्यासोबतच्या विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. पत्नीचं निवृत्तिवेतन वेगळं. बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंदणी असेल तर अंत्यविधीसाठीही मदत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये मिळतात. तहसील कार्यालयात जा. ‘आम्ही काढून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

वसुलीवाल्यांचे फोन येतील. वडिलांचं वैयक्तिक कर्ज वारसांवर येतं ते त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतं. जामीन राहिला नसाल तर घाबरून मुलाने नव्या कागदावर सही करू नये. मूळ बिलं कुणालाही देऊ नका, छायाप्रत द्या. अतिदक्षता विभागातला नळ्या लावलेला फोटो वर्गणीच्या निरोपात टाकू नका. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, कुणी सांगत नाही.

आणि सगळी माया पहिल्या आठवड्यात ओतून टाकू नका. तेव्हा घरात माणसं असतात, पाकिटंही असतात. चौथ्या महिन्यात दोन्ही नसतात, विम्याचा पत्ता नसतो आणि शाळेची फी येते. म्हणून पहिल्या वर्गणीत पाच-सहा जणांकडे मी मुद्दाम मागतच नाही. त्यांची नावं वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो. ते विचारायला आले की सांगतो, तुमचा नंबर दिवाळीनंतर. एक-दोघे रागावतात. दिवाळीनंतर फोन केला की देतात.