फोटोतून केलेला ग्लिच लूप जोडावर 'टक्' वाजत असेल तर (माझा अनुभव)

फोटोची फाइलच आवाज म्हणून वाजवली की जो खरखरीचा, सतत फिरणारा तुकडा मिळतो तो ग्लिच लूप. त्यासाठी दौलताबाद किल्ल्याचा फोटो २४ बिट बीएमपी (चित्रफाइलचा एक प्रकार) करून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून, म्हणजे फाइलमधले आकडे थेट आवाज समजून, उघडला. खरखर, गुणगुण अप्रतिम आली, पण लूप फिरला की दर वेळी जोडावर जोरात 'टक्'.

केबल बदलली, बफर वाढवला; फरक शून्य. 'क्लिक रिमूव्हल'ने तर हवी ती खरखरच खाल्ली. जाम वैताग आला.

कारण फोटोतच होतं. बीएमपीत चित्राची खालची ओळ आधी साठवलेली असते. म्हणजे सुरुवातीला काळा कातळ, शेवटी उन्हानं पांढरं पडलेलं आकाश. उजळ पिक्सेल म्हणजे मोठे आकडे, त्यामुळे वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) शेवटी मधल्या रेषेच्या बराच वर तरंगत होता. तिथून एकदम खाली उडी, तोच 'टक्'.

आता क्रम. इंपोर्ट रॉ डेटा: अनसाइन्ड ८ बिट, मोनो, ४४१०० हर्ट्झ, स्टार्ट ऑफसेट ५४ बाइट (नेहमीच्या बीएमपीचा हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, तेवढाच असतो). मग नॉर्मलाइझमध्ये 'रिमूव्ह डीसी ऑफसेट'वर (मधल्या रेषेपासून सरकलेला आलेख परत रेषेवर आणणं) टिक. एवढ्यानं भागत नाही, कारण ते पूर्ण फाइलची सरासरी काढतं, कातळ आणि आकाशाची वेगवेगळी नाही. म्हणून हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचं सगळं कमी करणारा), ३० हर्ट्झ, रोल-ऑफ (ते किती झपाट्यानं कमी करायचं) २४ डेसिबल. फिल्टरनंतर सुरुवातीचा छोटा तुकडा कापून टाका. लूपचा भाग निवडून 'झेड' दाबा. निवडीची दोन्ही टोकं शून्य रेषेवर सरकतात. हे फिल्टरच्या आधी करू नका, तिथे रेषा ओलांडणारे बिंदूच नीट सापडत नाहीत.

एक्सपोर्ट वेव्हमध्येच करा. एमपी३ टोकांना थोडी शांतता जोडतं आणि लूप पुन्हा अडखळतो.